चंद्रावरची रंगीत माती आणि ज्वालामुखीची राख : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दुर्बिणीतून लोकांना चंद्र दाखवायला लागल्यापासून काही प्रश्न हटकून कानावर येतात. त्यातले रंगांबद्दलचे आणि ज्वालामुखींबद्दलचे इथे एकत्र केले आहेत. क्रम काटेकोर नाही. ज्या प्रश्नात जीव आहे त्याचं उत्तर लांबलं आहे, बाकीचे दोन-चार ओळींत उरकले आहेत.

चंद्र तर करडा दिसतो. मग रंगीत माती आली कुठून?

करडा आहेच. पण करड्यातही छटा असतात, आणि चंद्राच्या बाबतीत त्या छटाच खरी माहिती देतात. पृथ्वीवर मातीचा रंग हवा, पाणी, झाडं-पानं आणि गंज मिळून ठरवतात. चंद्रावर यातलं जवळपास काहीच नाही. तिथे रंग ठरतो तो मुख्यतः तीन गोष्टींवर : वितळलेल्या खडकात लोह आणि टायटॅनियम किती होतं, तो रस किती झपाट्याने थिजला, आणि थिजल्यावर किती काळ उघड्यावर पडून राहिला. म्हणून तिथला वेगळा रंग दिसला की भूवैज्ञानिक आधी विचारतात, हा रस किती खोलवरून आला?

नारिंगी माती नेमकी कुणाला आणि कशी सापडली?

डिसेंबर १९७२, अपोलो १७. टॉरस-लिट्रो नावाच्या दरीत यूजीन सर्नन आणि हॅरिसन श्मिट उतरले होते. श्मिट हा चंद्रावर गेलेला एकमेव व्यावसायिक भूवैज्ञानिक. दुसऱ्या दिवशीच्या फेरीत ते शॉर्टी नावाच्या सुमारे ११० मीटर रुंद विवराच्या काठावर थांबले. श्मिटच्या बुटाने वरची करडी धूळ उकरली गेली आणि खाली नारिंगी दिसलं. तो ओरडलाच. सर्ननला आधी खरं वाटेना, कारण शिरस्त्राणाच्या बाहेरच्या काचेला सोन्याचा मुलामा असतो आणि त्यातून रंग फसवू शकतात. त्याने ती काच वर करून पाहिलं. रंग नारिंगीच.

पुढचं काम घाईचं होतं. विवराच्या काठाला समांतर असा साधारण मीटरभर रुंदीचा नारिंगी पट्टा होता, दोन्ही बाजूंना करडी माती. श्मिटने पट्ट्याला आडवा चर खणला. शेजारी रंगांची पट्टी लावलेली तिपाई उभी करून फोटो काढले, म्हणजे पुढे फिल्मच्या रंगावरून वाद नको. मग नारिंगी माती आणि दोन्ही बाजूंची करडी माती वेगवेगळ्या पिशव्यांत भरली आणि एक दुहेरी नळी जमिनीत ठोकून सुमारे ७० सेंटिमीटर खोलीपर्यंतचा गाभा काढला. प्राणवायूचा साठा आणि यानापर्यंत चालत परतावं लागलंच तर किती वेळ लागेल, या हिशेबामुळे तिथे अर्ध्या तासाच्या आसपासच थांबता आलं. त्या नारिंगी नमुन्याचा क्रमांक ७४२२०. चंद्राचा अभ्यास करणाऱ्यांना हा आकडा स्वतःच्या फोन नंबरसारखा पाठ असतो.

त्यांना तिथे ज्वालामुखी असेल असं आधीपासून वाटत होतं का?

हो, आणि ही गोष्ट मला फार आवडते, कारण अंदाज एकाच वेळी चुकीचाही ठरला आणि बरोबरही. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या वेळी अल्फ्रेड वॉर्डन कक्षेतून एकटा फिरत होता. त्याला या भागात गडद कडा असलेली छोटी विवरं दिसली. ती त्याला राखेच्या शंकूंसारखी वाटली, म्हणजे ज्वालामुखीची ताजी तोंडं. अपोलो १७ ची जागा निवडताना या निरीक्षणाला वजन मिळालं. शॉर्टीलाही अशीच गडद कड होती. त्यामुळे नारिंगी माती दिसताच सगळ्यांच्या मनात एकच आलं : गरम वायूंनी खडक रंगवणारी धुमारी सापडली!

नमुने प्रयोगशाळेत आल्यावर चित्र पालटलं. शॉर्टी हे ज्वालामुखीचं तोंड नव्हतंच. अशनीच्या आघाताने पडलेला तो साधा खड्डा, वयाने एक ते दोन कोटी वर्षांचा, म्हणजे चंद्राच्या मानाने कालचाच. पण त्या आघाताने खालचा एक थर उकरून वर आणला होता आणि तो थर मात्र अस्सल ज्वालामुखीचा होता. वय सुमारे साडेतीन अब्ज वर्षं. शोधायला गेले तोंड, हाती लागली राख.

नारिंगी रंग म्हणजे गंज का?

नाही. हा गैरसमज सगळ्यात जास्त आढळतो. पृथ्वीवरची तांबडी माती लोहाच्या ऑक्सिडीकरणामुळे तांबडी असते. शॉर्टीची नारिंगी माती म्हणजे काचेचे बारीक मणी. त्यांचा सरासरी व्यास सुमारे ४० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी. या काचेत लोहाचं ऑक्साइड सुमारे २२ टक्के आणि टायटॅनियमचं ऑक्साइड सुमारे ९ टक्के असतं. काचेतलं लोह आणि टायटॅनियम मिळून निळा-जांभळा प्रकाश गिळतात आणि नारिंगी तेवढा पार होतो. गंज चढलेला खिळा आणि रंगीत बाटलीची काच यांत जो फरक, तोच इथे.

तरी चंद्रावर गंज अजिबातच नाही असंही नाही. अपोलो १६ ने आणलेल्या एका दगडावर गंजासारखे डाग होते. २०२० मध्ये चांद्रयान-१ वरच्या मून मिनरॉलॉजी मॅपर या उपकरणाच्या नोंदींतून ध्रुवांकडच्या भागांत हेमटाइट, म्हणजे गंजाच्याच कुळातलं खनिज, असल्याचं मांडलं गेलं. पण शॉर्टीच्या नारिंगीशी त्याचा संबंध नाही.

मग त्याच गाभ्यात खाली काळी माती का निघाली?

नळी उघडल्यावर वरचा भाग नारिंगी आणि खाली जाल तसा काळा. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, दोन वेगवेगळे उद्रेक झाले असणार. रासायनिक तपासणीत मात्र दोन्ही जवळजवळ सारखेच निघाले. फरक फक्त थिजण्याच्या वेगाचा. जे थेंब झटकन गार झाले त्यांना स्फटिक बनवायला वेळच मिळाला नाही, ते पारदर्शक नारिंगी काच म्हणून राहिले. जे थोडे सावकाश गार झाले त्यांच्यात इल्मेनाइट आणि ऑलिव्हिन या खनिजांचे बारीक काटेरी स्फटिक वाढले. इल्मेनाइट काळं आणि अपारदर्शक, म्हणून मणी काळा. साखरेचा पाक भरभर गार केला तर काचेसारखा होतो आणि रेंगाळू दिला तर त्यात कण धरतात, तसंच काहीसं.

असे मणी बनतात कसे?

सोड्याची बाटली हलवून झाकण उघडा, म्हणजे कल्पना येईल. खोलवरच्या शिलारसात वायू विरघळलेले असतात. रस वर येताना दाब घटतो, वायू फुगतो आणि रसाच्या चिंधड्या करून त्याला कारंज्यासारखा उडवतो. हवाईतल्या किलाउएआवर १९५९ मध्ये अशी कारंजी सुमारे ५८० मीटर उंच गेली होती. चंद्रावर गुरुत्वाकर्षण एक षष्ठांश आणि अडवायला हवा नाही, त्यामुळे फवारा कितीतरी दूर पसरतो. थेंब मोकळ्या उड्डाणात असतानाच गोल होतात, थिजतात आणि अलगद साचत जातात. या रसाला उडवणारा मुख्य वायू कार्बन मोनॉक्साइड असावा, असा सध्याचा कल आहे. मण्यांच्या पृष्ठभागावर जस्त, शिसं, गंधक आणि क्लोरीन यांचा पातळ लेप सापडतो. तो त्याच वायूतून बसलेला आहे. थंडीत खिडकीच्या काचेवर बाष्प धरतं, तसा. चंद्र उडून जाणाऱ्या मूलद्रव्यांच्या बाबतीत इतका कोरडा, आणि त्याच्याच पोटातून आलेल्या मण्यांवर ही चंगळ. शास्त्रज्ञ हरखून गेले ते त्यामुळे.

हिरवी मातीही आहे म्हणतात. खरं का?

खरं. आणि ती नारिंगीच्या आधी सापडली. १९७१ मध्ये अपोलो १५ चे डेव्हिड स्कॉट आणि जेम्स अर्विन यांना स्पर विवराजवळ हिरवट माती दिसली. त्यांनाही काचेच्या मुलाम्याचा संशय आला होता, पण प्रयोगशाळेतही ती हिरवीच निघाली. तिचं वय सुमारे ३.३ ते ३.४ अब्ज वर्षं. हेही काचेचेच मणी, फक्त टायटॅनियम एक टक्क्याहूनही कमी. लोह असेल आणि टायटॅनियम नसेल तर काच हिरवी. टायटॅनियम वाढत गेलं की पिवळी, नारिंगी, लाल आणि शेवटी इतकी गडद की काळी म्हणावी. अपोलोच्या नमुन्यांतून अशा ज्वालामुखी काचेचे सुमारे २५ वेगळे प्रकार मोजले गेले आहेत.

एकाच चंद्रावर इतका फरक का, याचं उत्तर त्याच्या जन्मात आहे. सुरुवातीला चंद्राचा वरचा बराच भाग वितळलेला होता. हा मॅग्माचा महासागर थिजताना जड खनिजं खाली बसली, हलकी वर तरंगली आणि तिथून पांढुरका कवच-खडक तयार झाला. टायटॅनियमचं इल्मेनाइट अगदी उशिरा, वरच्या बाजूला तयार झालं. ते जड असल्याने पुढे खाली घसरलं, पण सगळीकडे सारखं नाही. कालांतराने चारशे-पाचशे किलोमीटर खोलीवर पुन्हा वितळण सुरू झाली तेव्हा ज्या रसाला इल्मेनाइट भेटलं तो नारिंगी झाला, ज्याला नाही भेटलं तो हिरवा.

साडेतीन अब्ज वर्षं रंग टिकलाच कसा? बाकीची माती तर काळवंडते ना?

काळवंडते. सौर वारा आणि सूक्ष्म अशनींचा मारा यांमुळे उघड्या मातीच्या कणांवर लोहाचे अतिसूक्ष्म कण जमतात. माती गडद आणि किंचित तांबूस होत जाते, कण एकमेकांना चिकटून ओबडधोबड गोळे होतात. नारिंगी मणी इतका काळ उघड्यावर पडले असते तर आज ओळखूही आले नसते. ते पडल्यानंतर लवकरच त्यांच्यावर लाव्हाचं पांघरूण आलं असावं. त्याखाली ते सुरक्षित राहिले. शॉर्टीच्या आघाताने ते वर काढले आणि तेव्हापासून जेमतेम एक-दोन कोटी वर्षं गेली. श्मिटचा बूट बरोबर त्याच जागी पडला, हे नशीब.

असे राखेचे साठे आणखी कुठे आहेत?

पुष्कळ ठिकाणी. दुर्बिणीतून ते गडद, गुळगुळीत, मखमलीसारखे दिसतात. रडारनेही तेच दिसतं : मोठे दगड नसल्यामुळे रडारचा प्रतिध्वनी फारसा परत येत नाही. सगळ्यात मोठा साठा ॲरिस्टार्कस पठारावर, हजारो चौरस किलोमीटरवर पसरलेला. सल्पिशियस गॅलस विवराच्या आसपास, रीमा बोडेजवळ, सायनस एस्टुअममध्येही आहेत. अपोलो १७ च्या वेळी कक्षेत असलेल्या रॉन इव्हान्सला वरूनच सल्पिशियस गॅलसजवळ नारिंगी-तपकिरी झाक दिसली होती. आल्फॉन्सस विवराच्या तळाशी भेगांवर काळी वलयं असलेले छोटे खड्डे आहेत. तिथे मात्र ती खरोखरच ज्वालामुखीची तोंडं आहेत. म्हणजे काळं वलय दिसलं की ज्वालामुखी, असं नाही, आणि काळं वलय दिसलं की आघात, असंही नाही.

ॲरिस्टार्कस पठाराची आणखी एक गंमत. १९१० च्या सुमारास रॉबर्ट वूड या भौतिकशास्त्रज्ञाने अतिनील प्रकाशात चंद्राचे फोटो काढले तेव्हा ॲरिस्टार्कसजवळ एक गडद डाग आढळला. त्याला वाटलं, गंधकाचा थर असावा. गंधक नव्हतं, पण तिथे काहीतरी वेगळं आहे हे त्याने चंद्रावर पाऊल पडण्याच्या सुमारे साठ वर्षं आधी, घरबसल्या हेरलं.

इंटरनेटवर निळ्या-तांबड्या चंद्राचे फोटो दिसतात. ते खोटे असतात का?

रंग भडक केलेले असतात, पण बनावट नसतात. मूळ फोटोतच असलेला अगदी क्षीण फरक वाढवून दाखवलेला असतो. मारे ट्रँक्विलिटॅटिस हा लाव्हाचा सपाट काळा भाग निळसर येतो, कारण तिथल्या बेसॉल्टमध्ये, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या खडकात, टायटॅनियम भरपूर. शेजारचा मारे सेरेनिटॅटिस तपकिरी, कारण तिथे कमी. दोघांच्या सीमेवर रंगाची रेघ मारल्यासारखी दिसते. उंचवट्यांचे भाग पांढुरके-गुलाबीसर येतात. गॅलिलिओ यानाने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, क्लेमेंटाइनने १९९४ मध्ये आणि नंतर २००९ पासून लूनार रिकॉनिसन्स ऑर्बिटरने याच फरकांचे नकाशे केले. नकाशा शास्त्रज्ञाचा असो वा हौशी माणसाचा, मूळ युक्ती एकच.

माझ्या साध्या कॅमेऱ्याने हे जमेल का?

जमेल. पौर्णिमेच्या आसपासचे दिवस घ्या, कारण सावल्या नसल्या की रंग उठून दिसतात. वीस-पंचवीस फोटो एकत्र करा आणि रंगांची तीव्रता एकदम न वाढवता थोडी-थोडी करत चार-पाच वेळा वाढवा.

एक सावधगिरी, स्वतःच्या फजितीवरून. माझ्या पहिल्या फोटोत चंद्राच्या एका कडेला झकास जांभळा-निळा पट्टा आला. मी तो आनंदाने चार जणांना दाखवला आणि त्यावर व्याख्यानही झोडलं. दोन दिवसांनी कॅमेरा उलटा धरून पाहिलं तर तोच पट्टा दुसऱ्या कडेला! तो चंद्राचा नव्हता, माझ्या स्वस्तातल्या भिंगाचा होता. चंद्राच्या खऱ्या रंगाला कॅमेऱ्याची दिशा कळत नाही.

ग्रहणात चंद्र लाल होतो तो याच मातीमुळे?

नाही. तो पृथ्वीच्या वातावरणातून वळून आलेला सूर्यप्रकाश असतो. माती बिचारी तशीच असते.

ज्वालामुखी होते तर डोंगर कुठे आहेत?

चंद्राचा लाव्हा पातळ होता, पाण्यासारखा नव्हे पण पृथ्वीवरच्या नेहमीच्या लाव्हापेक्षा बराच वाहता. शंकू उभा करण्याऐवजी तो सखल भागात पसरला. आपण ज्याला ससा किंवा हरीण म्हणतो, ज्यावरून शशांक आणि मृगांक ही नावं आली, ते डाग म्हणजे हाच थिजलेला काळा कातळ. पृष्ठभागाचा सुमारे सतरा टक्के भाग त्याने झाकला आहे आणि त्यातला बहुतेक आपल्याला दिसणाऱ्या बाजूला. डोंगरांऐवजी नागमोडी दऱ्या सापडतात : हॅडली रिल सुमारे दीड किलोमीटर रुंद. मारियस टेकड्यांमध्ये बुटके घुमट आहेत आणि २००९ मध्ये जपानच्या कागुया यानाच्या फोटोंत तिथेच एक खोल भोकही सापडलं, बहुधा लाव्हाच्या बोगद्याचं छप्पर कोसळून पडलेलं.

पाणी आहे का त्या मण्यांत?

अगदी थोडं, पण आहे. २००८ पर्यंत चंद्राचं पोट हाडासारखं कोरडं मानलं जाई. त्या वर्षी ज्वालामुखी मण्यांतलं पाणी मोजण्यात यश आलं. २०११ मध्ये नारिंगी मातीतल्या ऑलिव्हिन स्फटिकांत अडकलेल्या रसाच्या टिपक्यांत दहा लाखांत ६१५ ते १,४१० भाग पाणी आढळलं. स्फटिकाने कुपीसारखं झाकून ठेवलेला हा रस, बाहेरच्या थेंबातून पाणी उडून गेल्यावरही तसाच राहिलेला. पृथ्वीच्या महासागरतळाशी बाहेर पडणाऱ्या रसाशी त्याची तुलना होऊ शकते. २०१७ मध्ये चांद्रयान-१ च्याच नोंदींवरून राखेच्या अनेक मोठ्या साठ्यांत पाण्याच्या खुणा असल्याचं दाखवण्यात आलं.

शेवटचा उद्रेक कधी झाला?

इथे वाद आहे. पूर्वी म्हणत, तीन अब्ज वर्षांपूर्वी सगळं शांत झालं. २०२० च्या डिसेंबरात चीनच्या छांग-अ ५ ने १,७३१ ग्रॅम नमुने आणले आणि त्यातला बेसॉल्ट सुमारे दोन अब्ज वर्षांचा निघाला. २०२४ मध्ये त्याच नमुन्यांतल्या हजारो मण्यांतून ज्वालामुखीचे असे तीन मणी वेगळे काढले गेले आणि त्यांचं वय निघालं सुमारे १२ कोटी वर्षं. त्याच वर्षी छांग-अ ६ ने पलीकडच्या बाजूचे पहिले नमुने आणले. त्यात २.८ अब्ज वर्षांचा बेसॉल्ट होता. इना नावाचा विचित्र ओबडधोबड भाग तर काहींच्या मते त्याहूनही तरुण असू शकतो. तीन मण्यांवरून इतिहास बदलायचा का, हे मी तूर्त थांबून पाहीन.

याला माती तरी म्हणावं का?

शास्त्रज्ञ रेगोलिथ म्हणतात. जीव नाही, कुजलेलं काही नाही, पण फोडलेल्या खडकांचा भुगा आहे. २०२२ मध्ये अपोलोच्या मातीत छोटी रोपटी उगवली खरी, पण ती खुरटलीच. मी सवयीने मातीच म्हणतो.

या मण्यांचा काही उपयोग होईल का?

प्राणवायूसाठी होऊ शकतो. नारिंगी-काळ्या माती हायड्रोजनसोबत हजार अंशांच्या आसपास तापवल्यावर प्रयोगशाळेत वजनाच्या सुमारे ४ ते ५ टक्के प्राणवायू मिळाला, तपासलेल्या नमुन्यांत सर्वाधिक. शिवाय बारीक, दगडविरहित आणि खोल थर म्हणजे खणायला आणि दळायला त्रास नाही.

एक मणी जवळून कसा दिसतो?

सूक्ष्मदर्शकाखाली पातळ काप ठेवला की मधासारखा नारिंगी गोल दिसतो. कडेला क्वचित टवका उडालेला, कधी आत एखादा बुडबुडा. शेजारी अर्धा फुटलेला, त्याच्या शेजारी ठार काळा, ज्याच्या आत बारीक सुया एकमेकींना छेदत गेलेल्या. दोघे एकाच कारंज्यातून उडाले, एक गारव्यात लवकर पोहोचला आणि दुसरा जरा उशिरा.